फरकाला नऊने भाग जातो का? त्रेचाळिसाव्या वर्षी सॉफ्टवेअरकडे वळलेल्या एका लेखापाल बाईंचं प्रकरण

पहिल्या भेटीला त्या एक वही घेऊन आल्या होत्या. कोणत्या दिवशी किती वेळ अभ्यास केला, कोणत्या कोर्सचे किती व्हिडिओ संपवले, सगळं तारखेनिशी लिहिलेलं. चार महिन्यांची बेरीज 152 तास. बेरजेखाली एकच ओळ होती : "कोऱ्या फाइलवर अजून स्वतःहून काही लिहिता येत नाही."

वय 43. लेखापाल म्हणून एकोणीस वर्षांची नोकरी. त्यांचा प्रश्न सरळ होता : "माझं वय उलटून गेलंय का, तेवढं खरं सांगा." मी तेव्हा बारा वर्षं प्रोग्रामर होतो. उशिरा या क्षेत्रात आलेल्या काही जणांना शिकवलंही होतं. तरी या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. वही मात्र मी पुन्हा पुन्हा चाळत राहिलो. आपल्याला काय येत नाही हे इतक्या नेमकेपणाने लिहून ठेवणारं माणूस मला फार भेटलेलं नव्हतं.

पुढची चार वर्षं मी त्यांचं काम जवळून पाहिलं. त्यांच्या संमतीने ते इथे मांडतो आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. उशिरा क्षेत्र बदलणाऱ्यांना "अनुभव कामी येतो" असं सगळेच सांगतात, पण कोणता अनुभव, कुठे आणि कशा रूपात, हे कुणी सांगत नाही. या प्रकरणात ते मला नीट बघायला मिळालं. जुनं काय आड आलं तेही दिसलं.

पार्श्वभूमी

वाणिज्य शाखेची पदवी, मग एका मध्यम आकाराच्या कंपनीत हिशेबाचं काम. रोजकीर्द, खतावणी, तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिल्लकांची नावे-जमा यादी), बँक जुळवणी (बँकेचं विवरण आणि आपलं खातं ताडून पाहणं), वर्षअखेर. सगळं एक्सेलमध्ये. दहाएक वर्षांपूर्वी त्या मॅक्रो, म्हणजे त्याच त्याच कृती एक्सेलकडून आपोआप करवणाऱ्या आज्ञा, रेकॉर्ड करायला शिकल्या. नंतर रेकॉर्ड झालेल्या ओळी उघडून त्यात स्वतः फेरफार करू लागल्या. हे व्हीबीए नावाच्या भाषेतलं प्रोग्रामिंग आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या लेखी ती "शीटमधली युक्ती" होती. माझ्याशी झालेल्या पहिल्या तासाभराच्या बोलण्यात हा उल्लेख अगदी शेवटी आला, तोही ओशाळून.

क्षेत्र बदलावंसं का वाटलं, यामागे दोन गोष्टी होत्या. कंपनीने नवी हिशेबप्रणाली घेतली होती आणि त्यांच्या विभागातलं निम्मं हातकाम जाणार हे दिसत होतं. ही भीती. दुसरी गोष्ट अशी, की ती प्रणाली बसवायला आलेल्या मंडळींच्या शेजारी बसून त्या तीन आठवडे काम पाहत होत्या, आणि आपण खुर्चीच्या चुकीच्या बाजूला बसलोय असं त्यांना रोज वाटायचं. ही ओढ. दोन्हींचं प्रमाण किती, हे मी त्यांना आवर्जून विचारलं. निव्वळ भीतीपोटी सुरू केलेला अभ्यास नोकरीतली धास्ती ओसरली की थांबतो, हे मी पाहिलेलं आहे. त्या म्हणाल्या, "भीती गेली तरी मी हे करीन. तेवढं मला कळलंय."

घरात दोन शाळकरी मुलं. रोज पहाटे सव्वा तास आणि रविवारी चार तास, एवढाच वेळ होता. राजीनामा देऊन पूर्णवेळ शिकावं असा विचार तिसऱ्या महिन्यात त्यांच्या मनात आला होता. तो त्यांनीच मागे घेतला, कारण आठ महिन्यांच्या घरखर्चाएवढीच शिल्लक होती आणि आठ महिन्यांत नोकरी मिळेल याचा हिशेब त्यांना जमेना. तो निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं.

वयाची ढाल आणि वयाचं ओझं

नातेवाईक आणि मैत्रिणी त्यांना प्रेरक उदाहरणं पाठवत असत. जपानच्या मासाको वाकामिया यांनी बँकेतून निवृत्त झाल्यावर प्रोग्रामिंग शिकून 2017 साली, वयाच्या 81 व्या वर्षी, आयफोनसाठी एक खेळ तयार केला. पुढे प्रोग्रामिंगच्या क्षेत्रात नावाजलेल्या ग्रेस हॉपर 1943 साली अमेरिकी नौदलात दाखल झाल्या तेव्हा 37 वर्षांच्या होत्या आणि संगणकाशी त्यांचा संबंध त्यानंतरच आला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोघींबद्दल मला मनापासून आदर आहे. पण वाकामिया यांना त्या खेळावर घर चालवायचं नव्हतं, आणि हॉपर यांच्याकडे गणितातली डॉक्टरेट होती. आमच्या प्रकरणातल्या बाईंना पगाराची नोकरी हवी होती, तीही तिशीच्या आतल्या उमेदवारांच्या रांगेत उभं राहून. असल्या उदाहरणांनी त्यांचं बळ वाढण्याऐवजी अपराधीपण वाढत होतं : ऐंशीव्या वर्षी जमतं, मग मलाच का जमत नाही?

त्यांची खरी तक्रार स्मरणशक्तीची होती. कालचं आज आठवत नाही, कंस कुठे आणि चौकट कुठे ते विसरायला होतं, मुलगा एकदा बघतो आणि लक्षात ठेवतो. यात तथ्य आहे. नवी, असंबद्ध माहिती पटकन हाताळण्याचा वेग तरुणपणानंतर हळूहळू कमी होत जातो. मानसशास्त्रात हे पुरेसं प्रस्थापित आहे आणि ते लपवून उपयोग नाही. पण त्याच शास्त्रातलं आणखी एक काम मी त्यांना सांगितलं. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी 1973 साली बुद्धिबळपटूंना पट काही सेकंद दाखवून सोंगट्या आठवायला सांगितल्या. पटावर खऱ्या डावातली मांडणी असली की निष्णात खेळाडू नवख्यांच्या कितीतरी पुढे. सोंगट्या वाटेल तशा विखुरलेल्या असल्या की निष्णातांची ती आघाडी जवळजवळ संपली. म्हणजे त्यांची स्मरणशक्ती वेगळी नव्हती, त्यांना पटावर ओळखीचे आकार दिसत होते.

मग मी त्यांना एक तेरीज दाखवली. त्यांनी वीसएक सेकंद पाहिली आणि पाठ फिरवून तिच्यातली जवळपास सगळी खाती बाजूंसकट सांगितली. मला तीन आठवली. त्या काही बोलल्या नाहीत, पण स्मरणशक्तीची तक्रार त्या दिवसापासून बंद झाली.

पहिल्या चार महिन्यांत काय चुकलं

त्यांनी घेतलेला कोर्स वेबसाइट बनवण्याचा होता. सर्वांत जास्त लोक तोच घेत होते म्हणून त्यांनी तो घेतला. बटणांचे रंग, पानाची मांडणी, जावास्क्रिप्ट भाषेची एक गाजलेली चौकट (फ्रेमवर्क). यातल्या कशाचाही त्यांच्या आयुष्याशी संबंध नव्हता, त्यामुळे एखादी गोष्ट बरोबर झाली की चूक हे त्यांना स्वतःला ठरवता येत नव्हतं. शिक्षक "झालं" म्हणेल तेव्हा झालं.

शिवाय व्हिडिओ पाहताना सगळं समजतंच, कारण पुढची ओळ कोणती हे दुसरं कुणीतरी ठरवत असतं. प्रोग्रामिंगमधली अडचण नेमकी ते ठरवण्यात आहे. 152 तासांत त्यांनी हे ठरवण्याचा सराव फार तर पाचएक तास केला असेल. शिकणाऱ्याचा यात काही दोष नाही. कोर्स असेच रचलेले असतात.

मी त्यांना विचारलं, "ऑफिसात कोणतं काम हाताने करताना सर्वांत जास्त वैताग येतो?" क्षणाचाही विलंब न लावता उत्तर आलं, "बँक जुळवणी." मग तेच घेतलं. भाषा पायथन, कारण ती वाचायला सोपी आणि फायली हाताळायला सोयीची. एक अट मी पहिल्याच दिवशी घातली : कंपनीचा एकही खरा आकडा घरच्या संगणकावर येणार नाही. त्यांनी स्वतः बसून दोनशे खोट्या नोंदींचं एक बँक विवरण आणि तितक्याच नोंदींचं खातं तयार केलं. खोटा विदा (डेटा) बनवतानाच त्या अर्ध्या शिकल्या, कारण कोणकोणत्या चुका त्यात पेरायच्या हे त्यांना पाठ होतं.

जुनं ज्ञान जागं होताना

दुसऱ्या आठवड्यात त्यांचा प्रोग्राम दोन बेरजांमध्ये 2,700 चा फरक दाखवू लागला. मी कोड वाचायला घेतला. त्या कोडकडे बघतच नव्हत्या. त्यांनी 2,700 ला नऊने भागलं आणि म्हणाल्या, "भाग जातो. आकडे उलटे पडलेत कुठेतरी." दोन मिनिटांत सापडलं : एका फाइलीत 6,300 आणि दुसऱ्या फाइलीत 3,600. टाइप करताना त्यांच्याच हातून झालेली चूक.

ही हिशेबनिसांची जुनी क्लृप्ती आहे. शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले की पडणारा फरक नेहमी नऊच्या पटीत येतो. दशकाच्या जागी अ आणि एककाच्या जागी ब असेल, तर दहा अ अधिक ब यातून दहा ब अधिक अ वजा केले की नऊ गुणिले अ आणि ब यांतला फरक उरतो. तसंच तेरजेत नावे आणि जमा यांत फरक आला आणि त्या फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद सापडली, तर ती बहुधा चुकीच्या बाजूला पडलेली असते. यातून चूक सिद्ध होत नाही, पण कुठे बघायचं ते कळतं.

मी त्यांना सांगितलं की याला, म्हणजे चूक माग काढत शोधण्याला, आमच्याकडे डिबगिंग म्हणतात, आणि सहा-सहा वर्षं कोड लिहिणाऱ्यांनाही ते असं जमत नाही. अनेक जण चूक दिसली की कोडमध्ये इकडेतिकडे काहीतरी बदलून पाहतात. फरकाचा आकारच चुकीची जात सांगतो, म्हणून आधी फरक वाचायचा, ही शिस्त त्यांच्याकडे एकोणीस वर्षांची होती. तिचं नवं नाव तेवढं त्यांना माहीत नव्हतं.

पुढचा अडथळा मात्र खास संगणकाचा होता. दोन याद्या तंतोतंत जुळत असूनही प्रोग्राम "जुळत नाही" म्हणत होता. तीन संध्याकाळी गेल्या. शेवटी त्यांनी फरक छापून पाहिला, तर तो शून्याच्या अगदी जवळचा पण शून्य नसलेला विचित्र आकडा. पायथनला 0.1 अधिक 0.2 विचारलं की उत्तर 0.30000000000000004 येतं. संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त 0 आणि 1 या अंकांत, साठवतो आणि एक दशांश हा त्या पद्धतीत कधीच पूर्ण लिहून होत नाही, जसा एक तृतीयांश आपल्या दशमान पद्धतीत होत नाही. हे 1985 सालच्या आयईईई 754 या मानकानुसार चालतं आणि बहुतेक भाषांत असंच असतं. उपाय दोन : रकमा सर्वांत लहान नाण्याच्या पूर्णांकात ठेवायच्या, किंवा पायथनचा डेसिमल हा प्रकार वापरायचा.

त्या फार अस्वस्थ झाल्या. "मग हे लोक हिशेब करतात तरी कसे?" असं त्यांनी अगदी पोटतिडकीने विचारलं. ती अस्वस्थता मला मोलाची वाटली. तरुण विद्यार्थी हे ऐकून "अच्छा" म्हणतात आणि पुढे जातात. शेवटच्या स्थानावरच्या फरकासाठी रात्र जागवलेल्या माणसाला ते इतकं सहज सोडता येत नाही. पुढच्याच आठवड्यात त्यांनी आपणहून आणखी एक गोष्ट शोधली : एक्सेलचं राउंड 2.5 चे 3 करतं आणि पायथनचं राउंड 2.5 चे 2 करतं. पायथन बरोबर मध्यावरची संख्या जवळच्या सम अंकाकडे नेतं, त्यामुळे 3.5 चे 4 होतात पण 2.5 चे 2 राहतात. मला ते माहीत होतं, पण यावरून कधी कुणाचं देणं चुकू शकतं असा विचार मी केला नव्हता.

गिट शिकवताना तर मला फारसं काही सांगावंच लागलं नाही. लिनक्सचे निर्माते लिनस टॉरवाल्ड्स यांनी 2005 साली हे साधन लिहिलं. कोडमध्ये कधी, कुणी, काय बदललं याची कायमची नोंद ते ठेवतं. झालेला बदल मागे घ्यायचा तर गिट रिव्हर्ट जुनी नोंद पुसत नाही, उलट नोंद टाकतं. त्या लगेच म्हणाल्या, "म्हणजे दुरुस्तीची नोंद. पुस्तकात खाडाखोड करायची नसते." इटलीचे गणिती लुका पाचोली यांनी प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत लिहिण्याची द्विनोंदी पद्धत 1494 साली छापील ग्रंथात मांडली, तेव्हापासून हिशेबाच्या पुस्तकांची ही शिस्त चालत आली आहे, आणि सॉफ्टवेअरवाल्यांना ती नव्याने शोधावी लागली. इतिहास बदलून तो जबरदस्तीने पुश करण्याचीही, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक प्रतीवर लादण्याचीही, सोय आहे, हे कळल्यावर त्यांनी विचारलं, "याला परवानगी कोण देतं?" अनेक संघांत याचं उत्तर आजही धड कुणाकडे नसतं.

जुनं ज्ञान आड येताना

इथवर वाचून वाटेल की सगळं सुरळीत झालं. तसं नव्हतं.

ज्या कामात चूक म्हणजे ठपका, त्या कामात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. ताळेबंद एकदाच आणि बरोबर सादर करायचा असतो. त्यामुळे त्या कोड आधी कागदावर लिहीत, चारदा तपासत, साठ ओळी पूर्ण झाल्या की टाइप करत आणि मगच चालवत. साहजिकच एकदम वीस चुका वर येत आणि कोणती कशामुळे ते कळत नसे. मी सांगायचो, दोन ओळी लिहा आणि चालवा, मोडू द्या. त्या मान हलवत आणि पुन्हा साठ ओळी लिहून आणत. संगणकाने लाल अक्षरांत दाखवलेली चूक त्यांना वरिष्ठांच्या शेऱ्यासारखी वाटायची. हे बदलायला सहा महिने लागले. त्या काळात त्यांचा वेग इतका कमी होता की हे जमेल की नाही अशी शंका मलाही आली, आणि ती मी त्यांना बोलून दाखवली नाही. सांगायला हवी होती असं आता वाटतं, कारण त्यांना ती कळलीच होती.

अखेर उपाय त्यांच्याच कामातून निघाला. एकदा मी विचारलं, महिन्याची तेरीज काढण्याआधी तुम्ही रोजची रोख जुळवत नाही का? "रोज संध्याकाळी," त्या म्हणाल्या. "मग प्रत्येक दोन ओळींनी रोख जुळवा." हसल्या, आणि त्या दिवसापासून खरंच फरक पडला. चाचण्या लिहिणंही त्यांनी याच वाटेने स्वीकारलं. प्रत्येक फंक्शनसाठी आधी "इतकं यायला हवं" हे लिहायचं आणि मग कोड. आज त्यांच्याइतक्या नेटाने चाचण्या लिहिणारे सहकारी माझ्या पाहण्यात थोडे आहेत.

दुसरी अडचण "का" ची. प्रत्येक साधनाच्या तळाशी जाऊन समजून घेतल्याशिवाय त्यांना ते वापरवत नसे. हिशेबात हे योग्य आहे, ज्या नोंदीमागचं व्हाउचर पाहिलेलं नाही तिच्यावर सही करायची नसते. सॉफ्टवेअरमध्ये मात्र आपण हजारो लोकांनी लिहिलेल्या, कधीही न वाचलेल्या कोडवर उभे असतो. काय वाचायचं आणि काय डोळे मिटून वापरायचं, ही निवड त्यांना अवघड गेली आणि आजही जाते.

अठरा महिन्यांच्या शेवटी वहीतली बेरीज 640 तासांवर गेली होती. त्यात वर्षअखेरीचे दोन महिने पूर्ण कोरे आहेत. पायथन, एसक्यूएल (कोष्टकांत साठवलेली माहिती काढायची भाषा), गिट, थोडं वेब. जुळवणीचा प्रोग्राम दोनदा मोडून तिसऱ्यांदा लिहिलेला.

दार उघडतं, पण भलत्याच खोलीचं

नोकरी शोधताना जे घडलं त्याची मी त्यांना पूर्वसूचना दिली नव्हती, कारण मलाच ते ठाऊक नव्हतं. त्यांची माहिती वाचून येणारे बहुतेक फोन प्रोग्रामरच्या जागेसाठी नव्हतेच. "तुम्हाला हिशेब इतका येतो, तर बिझनेस अॅनालिस्ट व्हा." "टेस्टिंगला या." "ग्राहकांना प्रणाली शिकवायला या." जुना अनुभव दार उघडत होता आणि त्याच वेळी त्यांना जुन्या जागेच्या शेजारच्याच खुर्चीवर बसवू पाहत होता.

यातला एक प्रस्ताव खरोखर चांगला होता, पगारही जुन्यापेक्षा थोडा जास्त. मी म्हटलं, घ्या, आत शिरल्यावर कोडकडे वळता येईल. त्यांनी नाकारला. त्यांचं म्हणणं असं, की पंचविशीत बाजूने शिरून सरकत सरकत पोहोचायला दहा वर्षं असतात, "माझ्याकडे ती नाहीत, मला थेटच जायला हवं." त्यांचा निर्णय बरोबर ठरला, पण तो धोक्याचा होता आणि प्रत्येकाने तसाच घ्यावा असं मी म्हणणार नाही. हाताशी चालू नोकरी होती म्हणूनच त्यांना तो परवडला.

मुलाखतींत पहिल्या दोन ठिकाणी त्या सपशेल अडकल्या. बायनरी ट्री उलटा करा, अमुक अल्गोरिदम फळ्यावर लिहा. हे प्रश्न महाविद्यालयातून नुकत्याच आलेल्यांना सोयीचे असतात. त्यावर उपाय सरावच, आणि त्यांनी तो तीन महिने केला, नावडतं काम करतात तसा.

तिसरी मुलाखत एका छोट्या संघाची होती. पैसे देण्याघेण्याच्या नोंदी जुळवणारं सॉफ्टवेअर ते लिहीत होते. प्रश्न सोपा दिसणारा : दोन याद्या आहेत, पहिलीत असलेल्या पण दुसरीत नसलेल्या रकमा काढा. बहुतेक उमेदवार दोन्ही याद्यांचे संच करून वजाबाकी करतात, एका ओळीत उत्तर. त्यांनी कोड लिहिण्याआधी विचारलं, "एकच रक्कम एका यादीत दोनदा असेल तर?" संचात एक वस्तू एकदाच राहते, त्यामुळे एकाच रकमेच्या दोन देयकांपैकी एक गुपचूप नाहीसं होतं. मग प्रत्येक रकमेची मोजदाद ठेवून त्यांनी उत्तर लिहिलं, जरा हळू, पण बरोबर. पुढे त्यांनी आणखी विचारलं : "बँकेकडून आलेली सूचना पोचल्याचं उत्तर तिला मिळालं नाही, तर ती सूचना पुन्हा येते का? मग तीच नोंद दोनदा पडू नये म्हणून काय केलंय?" सॉफ्टवेअरमध्ये या गुणाला आयडेम्पोटन्सी म्हणतात, म्हणजे तेच काम पुन्हा केलं तरी परिणाम एकदाच व्हायला हवा. त्यांना शब्द माहीत नव्हता. त्या म्हणाल्या, "व्हाउचर क्रमांक एकदा वापरला की पुन्हा घेता येत नाही, तसं काहीतरी हवं." संघाच्या प्रमुखाने नंतर मला सांगितलं की त्याच महिन्यात ते नेमक्या या दोषामुळे दोन रात्री जागले होते.

जागा मिळाली. सर्वांत खालच्या पायरीची, आणि पगार जुन्यापेक्षा साधारण चौथाईने कमी. तो जुन्या आकड्यापर्यंत पोहोचायला दोन वर्षं लागली. या दोन वर्षांत घरात काय काय पुढे ढकललं गेलं, याची यादीही त्या वहीत आहे. ती मी वाचली आहे, इथे लिहिणार नाही.

पहिलं वर्ष : कमी शेरे

त्यांचा कोड तपासणारा सहकारी 26 वर्षांचा होता. संघात सगळे एकमेकांना नावाने आणि "तू" म्हणत, त्यांना मात्र "मॅडम" आणि "तुम्ही". आदर खरा होता. पण काही आठवड्यांनी त्यांच्या लक्षात आलं की इतरांच्या कोडवर तो पंधरा-पंधरा शेरे लिहितो, "हे बदल", "हे इथे नको", आणि यांच्या कोडवर दोन, तेही "जमल्यास बघा" अशा भाषेत. यांचा कोड इतका चांगला नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होतं.

त्यांनी त्याला बाजूला बोलावून विचारलं, "तू माझ्या कोडवर कमी का लिहितोस?"

तो गडबडला. "तसं नाही मॅडम, तुम्ही मोठ्या आहात..."

"मोठी आहे म्हणून माझ्याकडे वेळ कमी आहे. तुझे तेरा शेरे तू मला देत नाहीस, ते मला शिकायला मग वर्ष लागतं. मला नावाने हाक मार आणि जसं इतरांना लिहितोस तसं लिही."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पहिल्याच बदलावर एकोणीस शेरे आले. त्यांनी त्याची छायाप्रत मला पाठवली, खाली एक शब्द लिहून : "आलं." उशिरा आलेल्यांच्या वयाचा त्रास इथे होतो असं माझं ठाम मत झालं आहे. कुणी अपमान करत नाही, पण लोक संकोचाने शिकवायचं टाळतात, आणि तो संकोच मोडायचं काम शेवटी शिकणाऱ्यालाच करावं लागतं.

कोड लिहून देणारी एआय साधनंही याच काळात संघात आली. नवख्यांच्या जागांवर त्याचा परिणाम होईल ही त्यांची चिंता रास्त आहे आणि मी ती खोडून काढलेली नाही. रोजच्या कामात मात्र त्यांना वेगळंच दिसलं. साधनाने क्षणात लिहून दिलेल्या कोडमध्ये रकमा साध्या अपूर्णांकात होत्या (तीच 0.1 अधिक 0.2 ची अडचण), आणि एखादी नोंद वाचताना चूक झाली तर ती गिळून पुढे जाण्याची सोय होती. कोड चालत होता. चाचण्याही पास होत होत्या, कारण त्या चाचण्याही त्याच साधनाने लिहिल्या होत्या. त्यांनी तो परत पाठवला आणि शेरा लिहिला : "न जुळलेली नोंद नाहीशी होता कामा नये, ती वेगळ्या खात्यात दिसली पाहिजे." हिशेबात याला अनामत खातं (सस्पेन्स अकाउंट) म्हणतात. जुळत नसलेली रक्कम तिथे उघड्यावर ठेवायची, तिचा उलगडा होईपर्यंत. आता त्या प्रणालीत त्याच नावाचं कोष्टक आहे आणि रोज सकाळी संघ ते आधी उघडतो.

सध्या

त्या 47 वर्षांच्या आहेत. नोकरीला अडीच वर्षं होत आली. दोन पायऱ्या वर गेल्या आहेत. रात्रीच्या आणीबाणीच्या पाळ्या त्यांना झेपत नाहीत, दुसरा पूर्ण दिवस वाया जातो, म्हणून त्यांनी महिन्याला एकच पाळी मागून घेतली आणि बदल्यात दर महिनाअखेरीची जुळवणी स्वतःकडे घेतली. नवं साधन शिकताना त्या अजूनही संघात सर्वांत हळू आहेत.

गेल्या महिन्यात व्यवस्थापनाने त्यांना सहा जणांच्या गटाचं प्रमुखपद देऊ केलं. त्यात माणसं सांभाळायची, बैठका घ्यायच्या, कोड जवळजवळ नाही. मी विचारलं, या वेळी काय? त्यांनी वही उघडली. डाव्या पानावर प्रमुखपदाचा पगार, उजव्या पानावर शिकायच्या राहिलेल्या गोष्टींची यादी, सगळ्यात वर "एकाच वेळी दोन संगणकांवर नोंद पडली तर". निर्णय या तिमाहीच्या अखेरीस द्यायचा आहे. दोन्ही पानांच्या तळाशी बेरजेची जागा त्यांनी मोकळी ठेवली आहे.